मुंग्यांची पाठवणी

लुंगवान
१० फेब्रुवारी १९८४

विहीणबाई,

उंदराच्या नव्या वर्षाच्या शुभेच्छा मी तोंडी निरोपाने कळवल्याच आहेत, त्या पुन्हा लिहून शाई घालवत नाही. मुद्द्याचंच लिहिते. तुम्ही माझ्या घरात मुंग्या पाठवल्या आहेत.

एखाददुसरी लुगड्याला चिकटून आली असती तर मी तोंड उघडलं नसतं. अख्खं घरटं आलंय! लग्नानंतर तिसऱ्या दिवशी पोरं तुमच्याकडे पाया पडायला गेली होती. येताना त्यांनी दोन कोंबड्या, उसाची मोळी आणि सुतळीने करकचून बांधलेलं एक पांघरूण आणलं. सूनबाई म्हणाली, "आईचं आहे, राहू दे, नंतर सोडीन." मी म्हटलं, असेल बाई, एकुलत्या एका लेकीला आईने जुनं पांघरूण दिलंय, चालायचंच. ते गेलं पलंगाखाली.

काल घरी अकरा पाहुणे. थंडी अशी की बोटं वळेनात, म्हणून त्याच खोलीत मी कोळशाची शेगडी ठेवली, दारं लावली, चहा ओतला. अर्ध्या तासाने आमच्या ब्याऐंशी वर्षांच्या आत्याबाई म्हणाल्या, "वाइ-फोंग, तुमची भिंत चालतेय गं." मला वाटलं, म्हातारीने चहाऐवजी दुसरंच काही घेतलं. वळून बघते तर खरंच भिंत चालत होती. तांबडी-पिवळी, लांब पायांची, ढुंगण वर केलेली फौज! माझे चुलतदीर केउंगभावजी बारा वर्षं गावाची सामाईक शेती करणाऱ्या उत्पादन तुकडीचे म्होरके होते, सभेत कोणाला बोलू द्यायचे नाहीत. ते टेबलावर चढले आणि तिथून "शांत राहा, शांत राहा" असं बोंबलत होते.

एकटी तुमची पिंग शांत होती. तिने हाताला राख फासली आणि सांडलेले शेंगदाणे गोळा करावेत तशा मुंग्या उशीच्या अभ्र्यात भरल्या. वर मला म्हणते, "आई, चिरडू नका हो, एवढ्याच आणल्यात." आणल्यात! म्हणजे आल्या नाहीत, आणल्या.

विहीणबाई, आमच्याकडे मुंग्या पाळत नाहीत. आजेसासऱ्यांच्या काळी पाळायचे. तेव्हा पुरुष डोक्यावर वेणीही ठेवायचे. तुकडी मोडून झाडं घरोघर वाटली तेव्हा चिठ्ठीत आमच्या वाट्याला संत्र्याची त्रेचाळीस झाडं आली. माझा लेक युंग पाठीवर पंप घेऊन ती फवारतो आणि अर्ध्या गावाचीही फवारतो. फवारणीत त्याचा हात धरणारा इथे कोणी नाही.

तेव्हा खुलासा करा. आणि अक्षर जरा मोठं काढा. साक्षरता वर्गात मीही तुमच्याइतकीच बसले होते, पण तुमचं मागचं पत्र मी बराच वेळ उलटं धरून वाचत होते.

लो वाइ-फोंग

—

चुकहांग
२१ फेब्रुवारी १९८४

विहीणबाई,

पत्र पोचलं, सुलटं धरूनच वाचलं.

पांघरूण माझं, हे कबूल. त्यात मुंग्या शिरल्या असतील तर मी काय करू? आमच्या डोंगरात मुंग्या विचारून बसत नाहीत. आत्याबाईंना त्रास झाला, वाईट वाटलं. केउंगभावजी टेबलावर चढले, त्याचं मात्र वाईट वाटत नाही. ते मला लग्नात "डोंगरच्या बाई" म्हणाले होते.

पण आता आल्याच आहेत तर हाकलू नका. आमच्या वाडीत तुमच्या लुंगवानचे लोक घरटी न्यायला यायचे, माझ्या सासऱ्यांसमोर टोपी काढून उभे राहायचे. थंडीत पानांच्या घरट्यासकट फांदी कापायची, पिशवीत बांधायची, होडीत टाकायची आणि सुई नदीने खाली. तुमच्या आजेसासऱ्यांनीही नेली असतील, वेणीसकट.

घरटं बागेतल्या पपनसाच्या झाडावर ठेवायला सांगा. त्याची पानं दाट, थंडीत ऊब राहते. ऊन पडायला लागलं की संत्र्याच्या झाडाला बांधा आणि एका झाडावरून दुसऱ्यावर बांबूच्या कामट्यांचे पूल टाका. त्यांना जमिनीवरून चालायला आवडत नाही, मोठ्या घरच्या आहेत. सुरुवातीला माशाची आतडी टांगा. पुढे त्या आपलं आपण बघतात. फळांचा रस पिणारे हिरवे ढेकूण, अळ्या, भुंगे, काही सोडत नाहीत.

पिंगचं पत्र आलं. "सगळं ठीक आहे" असं लिहिते. विहीणबाई, ही मुलगी पाळण्यात होती तेव्हापासून हिला एकदाही सगळं ठीक वाटलेलं नाही. तुम्ही तिला काय खायला घालता?

जावईबापू कसे आहेत? हात वगैरे?

मोक लान-यिंग

—

लुंगवान
२० एप्रिल १९८४

विहीणबाई,

हात कसे असणार? दोन आहेत. हा काय प्रश्न झाला?

तुमची लेक आमच्याकडे सगळं खाते, डोकंही. मागच्या महिन्यात युंग सकाळी पंप भरून निघाला तर ही बागेच्या वाटेवर आडवी उभी.

"माझ्या झाडांवर मारायचं नाही."

"तुझी झाडं? चिठ्ठी माझ्या आईने उचलली होती."

"मुंग्या माझ्या आहेत. त्या ज्या झाडावर चालतील ते झाड माझं."

"मग उद्या त्या माझ्या अंगावर चालल्या तर?"

"तर तूही माझा," असं म्हणाली, आणि हा गाढव हसला! त्या हसण्यात एकवीस झाडं गेली. नाल्याकडची एकवीस तिची, रस्त्याकडची बावीस ह्याची. सुगीला बघू कोणाची जास्त धरतात, असं ठरलंय. मी अर्थातच मुलाच्या बाजूने आहे.

केउंगभावजींची बाग आमच्या नाल्याला लागून आहे. रोज सकाळी कुंपणावर येऊन म्हणतात, "वहिनी, सुनेने झाडांना झोपाळे बांधलेत का? आता पाळणेही बांधा." मी हसते. हसावं लागतं, मुलाच्या बाजूने आहे ना.

एक सांगते, पण पिंगला कळवू नका. परवा शेंगा तोडायला गेले आणि कामटीवर नजर गेली. एक हिरवा ढेकूण, अंगठ्याच्या नखापेक्षा मोठा. सहा मुंग्यांनी त्याचा एकेक पाय धरलेला, सातवी डोक्यावर. त्याने घाण पिचकारी सोडली, तरी एकीने पाय सोडला नाही. लग्नाच्या वरातीसारखा नेला त्याला. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. घरी भात करपला. सूनबाईने विचारलं, मी म्हटलं लाकडं ओली होती.

आता तक्रार. तुमच्या ह्या मोठ्या घरच्या मुंग्यांनी कोवळ्या शेंड्यांवर पांढऱ्या कापसासारखे किडे जमवलेत. त्यांना खात नाहीत, उलट राखण करतात आणि त्यांचा चिकट रस चाटतात. ही कसली राखणदारी? चोर पकडायला शिपाई ठेवला आणि त्याने घरात दारूचा गुत्ता घातला!

युंग बरा आहे. दुपारी जरा जास्त झोपतो. नवं लग्न आहे.

लो वाइ-फोंग

—

चुकहांग
२ मे १९८४

विहीणबाई,

गुत्त्याचं खरं आहे. हा त्यांचा दोष, लपवत नाही. गोड दिसलं की त्या इमान विसरतात. पांढरे किडे फार झाले तर साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून शेंडे पुसून काढा. थोडे राहिले तर राहू द्या. फुकट कोण राबतं?

आता एक दुसरी गोष्ट. हे पत्र मी तीन वेळा लिहून चुलीत घातलं. पांघरुणात घरटं मीच ठेवलं होतं. पिंगला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी पोरं आमच्याकडे आली तेव्हा जावईबापूंनी मला चहा दिला. पेला माझ्या हातात येईपर्यंत अर्धा चहा माझ्या मांडीवर होता. सगळे हसले. नवरदेव घाबरला म्हणाले, मीही हसले. पण मी त्यांच्या हाताकडे बघत होते. घाबरलेला हात एकदा थरथरतो आणि थांबतो. हा थांबत नव्हता. आणि अंगाला नवा कोट असूनही फवारणीच्या औषधाचा तो वास येत होता. मला तो वास माहीत आहे.

माझा धाकटा भाऊ तुकडीच्या फवारणी पथकात होता. अनवाणी, उघड्या पाठीने. आधी हात, मग डोकेदुखी, मग दुपारची झोप. आम्हीही म्हणायचो, आळशी झालाय. एका जूनमध्ये तो बांधावर बसला आणि उठला नाही. एकवीस वर्षांचा होता.

मी तोंडाने सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, विहिणीने तिसऱ्या दिवशीच जावयात खोट काढली. म्हणून मुंग्या पाठवल्या. म्हटलं, जेवढी झाडं मुंग्या घेतील तेवढी त्यांना फवारावी लागणार नाहीत.

रागावा. पण त्यांना डॉक्टरला दाखवा.

मोक लान-यिंग

—

लुंगवान
११ मे १९८४

मोक लान-यिंग यांस,

माझा मुलगा बैलासारखा आहे. बावीस झाडं एका सकाळी फवारतो. तुमच्या भावाचं वाईट झालं, पण त्याची सावली माझ्या घरावर पाडू नका. कोणाच्या हाताकडे बघायचं आणि कोणाच्या अंगाचा वास घ्यायचा, हे पाहुणीने शिकावं.

पत्र लिहिण्याचे कष्ट घेऊ नयेत.

लो वाइ-फोंग

—

चुकहांग
३० जून १९८४

विहीणबाई,

दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. हे तिसरं. पिंगचं पत्र आलं. चार ओळी, "सगळं ठीक आहे" तीनदा.

माफी मागायची तर वास घेतल्याची मागते. हाताबद्दल मागत नाही.

मोक लान-यिंग

—

लुंगवान
१९ जुलै १९८४

विहीणबाई,

बसून लिहिते आहे, तुम्हीही बसून वाचा. आधी शेवट सांगते म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. युंग जिवंत आहे, घरी आहे, सकाळी पेज प्यायला.

तीन तारखेला ऊन असं होतं की कोंबड्या चोच उघडून पडल्या होत्या. हिरवे ढेकूण रस्त्याकडच्या झाडांवर फार झाले होते. मागच्या वर्षी जेवढ्या औषधाने मरत तेवढ्याने आता मरत नव्हते, म्हणून ह्याने दुप्पट घातलं. पंपाची टाकी पाठीवर झिरपत होती. दोन महिने झिरपत होती. मला माहीत होतं. मी त्याला म्हटलं होतं, आठवड्याच्या बाजाराला गेलास की नवं वायसर आण. एवढंच म्हटलं होतं.

पिंग नाल्याकडे होती. तिने पंपाचा आवाज थांबलेला ऐकला. जाऊन बघते तर हा झाडाला धरून उभा, तोंडातून लाळ गळतेय, घामाने न्हालेला, आणि विचारतोय, "अंधार कशाने पडला?" तिने त्याचा सदरा फाडून काढला, नाल्यात लोटला आणि साबणाने असा घासला जसं कोणी रांजण घासतं. मग भाजीची हातगाडी काढली. मी धावत आले तेव्हा त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. मी रडायला लागले तर तुमची लेक माझ्यावर ओरडली, "रडायचं असेल तर ढकलता ढकलता रडा!" आयुष्यात माझ्यावर कोणी असं ओरडलं नव्हतं. मी ढकललं.

केउंगभावजींनी मधे येऊन गाडीची दुसरी दांडी धरली. युंग त्यांच्या नव्या चामडी बुटांवर ओकला. त्यांनी दांडी सोडली नाही. हे मी त्यांच्या खात्यात लिहून ठेवलंय.

दवाखान्यात पाच दिवस सुया चालल्या. डॉक्टरीणबाई तिशीच्या आतल्या. त्यांनी विचारलं, "हात कधीपासून थरथरतात?" मी म्हणणार होते, आजपासून. तोंडातून निघालं, "मागच्या पावसाळ्यापासून." पिंगने माझ्याकडे पाहिलं. विहीणबाई, मला माहीत होतं. लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. मी मनाशी म्हणत होते, उष्णता आहे, मूग खाल्ले की जाईल. लग्न ठरलेलं होतं. मुलीकडच्यांना कळलं असतं तर? म्हणून तुमचं पत्र वाचून एवढी चिडले. खोटं बोललात म्हणून नाही.

पंप मी नाल्यात बुडवणार होते. डॉक्टरीणबाईंनी दम भरला की पाण्यात टाकाल तर सगळं गाव आणाल इथे. म्हणून कुलूप लावून ठेवलाय.

आता परिस्थिती अशी. रस्त्याकडच्या बावीस झाडांवर मुंगी नाही आणि औषधही नाही. ढेकणांना मोकळं रान. रोज सकाळी खाली हिरवी फळं पडलेली असतात. पिंगची एकवीस शाबूत आहेत, पण तिचं एक घरटं किती पुरणार? आणि झाडं अशीच रिकामी झाली तर हा उठून पुन्हा कुलूप फोडेल, मी त्याला ओळखते.

मुंग्या पाठवा. फेब्रुवारीत जे जे लिहिलं ते सगळं मी मागे घेते, फक्त अक्षराचं सोडून.

लो वाइ-फोंग

—

चुकहांग
२५ जुलै १९८४

विहीणबाई,

पाठवत नाही, आणते. हा काही घरट्यांचा मोसम नव्हे. थंडीत त्या झोपलेल्या असतात. आता त्या ऐन तारुण्यात आहेत आणि माझं वय अठ्ठावन्न. पण पहाटेच्या गारव्यात फांद्या कापीन. सगळी घरटी एकाच वंशाची घ्यावी लागतात, नाहीतर तुमच्या बागेत पोचून एकमेकींचे पाय तोडत बसतील, सुना-जावांसारख्या. आमच्या ओढ्याकाठच्या एका मोठ्या झाडावर एकाच राणीची अकरा घरटी आहेत. राणी कुठल्यात आहे हे मला आणि देवाला माहीत नाही, म्हणून अकराही कापते. पिंगच्या आधीच्या मुंग्या परक्या. त्यांच्या आणि ह्यांच्या मधली एक ओळ पुलाविना सोडा, शेजार नीट राहील.

पाच तारखेच्या बसने येते. जावईबापूंना सांगा, सासू येतेय, उठून बसा. कामट्या सोलून ठेवा, भरपूर.

आणि मूग खायला घाला. मुगाने काही होत नाही, पण तुम्हाला बरं वाटेल.

मोक लान-यिंग

—

चुकहांग
१८ ऑगस्ट १९८४

विहीणबाई,

सुखरूप पोचले. आठ दिवस तुमच्या शिडीवर होते, अजून झोपेत पाय वर टाकते.

तुमच्या तोंडावर सांगितलं नाही ते आता सांगते. मी म्हटलं होतं, नऊ घरटी आणली. आणली होती अकराच. नऊ पिशव्या सुताच्या होत्या. दोन कमी पडल्या म्हणून खताच्या जुन्या गोणीत घातली. गोणीला भोक होतं. बसमध्ये माझ्या शेजारी वरातीला निघालेला एक नवरदेव होता, नवी पँट, केसांना तेल. नदीचा घाट उतरताना तो एकदम उभा राहिला. मग त्याचा मामा उभा राहिला. मग ड्रायव्हरनेच ब्रेक मारला आणि खिडकीतून उडी घेतली. दार उघडायला तो थांबला नाही! रस्त्याच्या कडेला चाळीस माणसं आपापली पँट झाडत होती आणि बसमध्ये मी एकटी, हाताला राख लावलेली. "कोणाच्या आहेत ह्या?" ड्रायव्हर ओरडला. मी म्हटलं, "मलाही चावल्या हो." ते खरं होतं. नवरदेव म्हणाला, "आजी, उतरा खाली, तुम्हाला जास्त चावतील." चांगला मुलगा होता. त्याची बायको सुखी राहील. त्याची ती रात्र कशी गेली ते विचारू नका.

म्हणजे दोन घरटी त्या बसमध्येच आहेत. राणी त्यांत नव्हती एवढं नशीब. तुमच्या झाडांवर मुंग्या घरट्यासाठी नवी पानं शिवायला लागल्या तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आता दुसरं. तुम्ही माझ्यासमोर दिवसभर बडबडत होतात, मी तुमच्यासमोर. दोघींनाही एका गोष्टीबद्दल बोलायचं नव्हतं. जावईबापू हलतात, फिरतात, चार घास खातात. पण बोलतात ते असं, जणू शब्दांचं रेशन आहे. "हो आई." "नको आई." पिंगने मुद्दाम भांडण काढलं तरी "तुझं बरोबर आहे." पिंग पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडली. मला म्हणाली, "आई, मी ज्याच्याशी भांडून लग्न केलं तो हा नाही." मी तिला काय सांगणार? माझा भाऊ इथपर्यंत पोचलाच नव्हता.

त्यांना काम द्या. औषधाचं सोडून कुठलंही. कामट्या बांधायला द्या. सैल बांधल्या तर बांधू द्या, मागून जाऊन तुम्ही सरळ करू नका. तुम्हाला ती सवय आहे, मी आठ दिवस पाहिलं.

मोक लान-यिंग

—

लुंगवान
१६ डिसेंबर १९८४

विहीणबाई,

इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं झालं की ते संपेपर्यंत थांबावं म्हटलं. आणि तुमच्या बसमधून अजून मुंग्या येतात. आमच्या फाट्यावर ती बस थांबली की लोक आधी सीट झटकतात. मी कोणाला काही सांगितलेलं नाही.

कामट्या त्याला दिल्या. पहिल्या दिवशी सकाळपासून जेवणापर्यंत त्याने दोन बांधल्या. मी स्वयंपाकघरात स्वतःच्याच हातावर बसून राहिले, शप्पथ. पिंग त्या दोन कामट्यांखाली उभी राहून म्हणाली, "ही वाकडी आहे." तो म्हणाला, "मुंगीला विचार." दोनच शब्द, रेशनमधलेच, पण पिंग घरात येऊन माझ्या खांद्याला दोनदा चापट मारून गेली. आता सगळ्या बागेत त्याच्या गाठी आहेत. वाऱ्याने सुटल्या की तो पुन्हा बांधतो.

सप्टेंबरमध्ये भांडण झालं. केउंगभावजींनी नाल्याकाठी फवारलं, वारं आमच्याकडे, आणि पिंगच्या तीन झाडांखाली सकाळी मुंग्यांचा सडा पडला, केरसुणीने गोळा करावा इतका. युंग बघून आला आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपला. मला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी भावजी पंप पाठीला लावून आले तर मी त्यांच्या झाडाखाली स्टूल टाकून बसलेली. हातात शेंगा सोलायला.

"वहिनी, उठा."

"मारा की. मी इथेच बसते."

"वेड लागलंय का? अंगावर येईल तुमच्या."

"तेच बघायचंय, कोणाच्या अंगावर किती येतं ते. माझ्या पोराच्या अंगावर आलं तेव्हा गाडी तुम्हीच ढकलली होती, रस्ता माहीत आहे तुम्हाला."

त्यांनी पंप खाली ठेवला. शेवटी म्हणाले, "तीन ओळी सोडतो. तीनच." मी म्हटलं, "बसा, शेंगा सोला." बसले. बारा वर्षं म्होरक्या, शेंगा सोलायची अक्कल नाही. मागच्या आठवड्यात हळूच विचारत होते, कामटी गाठीच्या वर बांधायची की खाली. मी म्हटलं, युंगला विचारा. माझं काम नाही ते.

सुगी मागच्यापेक्षा कमी आली, उगाच फुगवून सांगत नाही. रस्त्याकडच्या बावीस झाडांनी जुलैत अर्धी फळं टाकली ती टाकलीच. पिंगच्या एकवीस झाडांना मात्र फांद्यांखाली बांबू लावावे लागले. ठरल्याप्रमाणे ती जिंकली. मी अर्थातच पहिल्यापासून तिच्या बाजूने होते.

आता जे सांगायला पत्र लिहायला घेतलं ते. काल तोडणी संपत आली होती. शेंड्याची फळं राहिली होती, तिथे शिडी पोचत नव्हती. युंग म्हणाला, "मी चढतो." पिंगने आणि मी एकमेकींकडे पाहिलं. हात अजून थरथरतात, सकाळी जास्त. पण तुमचं ऐकून मी ओठ घट्ट मिटले. तो चढला. पानांत दिसेनासा झाला. एक संत्रं खाली आलं, दुसरं आलं. मग काहीच नाही. मी खाली उभी. आणि वरून आवाज आला. विहीणबाई, त्याने घरट्यालाच हात घातला होता.

आधी त्याने मुंग्यांना शिवी घातली. मग मुंग्यांच्या आईला. मग झाडाला, झाड ज्या चिठ्ठीत आलं त्या चिठ्ठीला, चिठ्ठी काढणाऱ्या तुकडीला, तुकडीच्या म्होरक्याला. केउंगभावजी कुंपणापाशीच होते, त्यांनी टोपी काढली. शिवीवर शिवी, श्वास न घेता, पोटातून, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी! लहानपणी अशी एक जरी तोंडातून निघाली असती तर मी त्याला चपलेने झोडला असता. पाच महिन्यांत मी त्याचा तो आवाज ऐकला नव्हता. मी शेवटी मटकन खालीच बसले, संत्र्यांच्या टोपलीत, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी थांबेना. पिंग खालून ओरडत होती, "अजून! अजून दे!"

तुमच्या नावाने पण एक होती. ती मी कागदावर लिहिणार नाही. नव्या वर्षाला या आणि त्याच्या तोंडून ऐका.

लो वाइ-फोंग